ब्रेक फेल झाला, म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या घरात ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द एकावन्न वर्षे बोलले गेले आणि तेवढीच वर्षे ते कुणी समजून घेतले नाहीत. डिसेंबर १९७४ मध्ये आमचा ट्रक कऱ्हाडहून गूळ घेऊन मुंबईला निघाला होता. माझे वडील, आण्णा, गाडी चालवत होते. त्यांचा धाकटा भाऊ, माझा नानाकाका, क्लीनर म्हणून सोबत होता. वय वर्षे एकोणीस. खंबाटकी घाट चढून गाडी खंडाळ्याच्या बाजूला उतरत असताना (साताऱ्याचा खंडाळा, लोणावळ्याजवळचा नव्हे) ब्रेकचा पाय तळापर्यंत गेला. नानाकाका लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारून चाकाकडे धावला. आण्णांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. गाडी थांबली, पण काकाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी गाडीत बसून ब्रेक दाबला आणि तो व्यवस्थित लागला. कागदावर चालकाचा निष्काळजीपणा लिहिला गेला. आण्णा म्हणत राहिले, ‘ब्रेक फेल झाला होता.’ त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ट्रक मळ्यातल्या छपराखाली उभा राहिला तो राहिलाच. २०१९ मध्ये आण्णा गेले आणि भंगारवाला दर विचारायला आला, तेव्हा मी म्हटले, ‘आधी उघडून बघू.’ मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. आपल्याच घरातले एक उदाहरण सोडवायचे राहून गेले होते.

फार्गो

आमचा ट्रक १९५६ सालचा फार्गो. हे नाव आता विस्मरणात गेले असले तरी पन्नाशीत ते सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यांवर घरोघरचे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो, डिसोटो या नावांच्या गाड्या निघू लागल्या. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीझ डिझेल ट्रक आले आणि पेट्रोलवर चालणारी मालगाडी परवडेनाशी झाली. मग जुन्या गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने चढवण्याचा धडाका सुरू झाला. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारे पर्किन्स पी-६ हे त्यासाठीचे लाडके इंजिन. आमच्या फार्गोलाही आजोबांनी १९६५ च्या सुमारास तेच बसवून घेतले. डिझेलची बचत झाली. त्या अदलाबदलीत ब्रेकचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

ते समजण्यासाठी ब्रेक कसा चालतो हे आधी बघावे लागेल.

पायापासून चाकापर्यंत

पायाचा जोर चाकापर्यंत नेण्यासाठी सुरुवातीला लोखंडी दांडे आणि तारा वापरत. चारही चाकांवर सारखा ताण येणे ही त्यात नशिबाची बाब होती. माल्कम लॉकहीड या अमेरिकी तंत्रज्ञाने दांड्याऐवजी नळीतले द्रव वापरले. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. १९२१ मध्ये ड्युसेनबर्गच्या महागड्या मोटारीला असे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरने चामड्याच्या वायसरांऐवजी रबरी कप घालून ते सर्वसामान्यांच्या गाडीत आणले. आमचा फार्गो त्याच क्रायस्लरच्या वंशातला.

पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो. ऑइल नळ्यांतून चाकांजवळच्या छोट्या सिलिंडरांत जाते. तिथले दट्टे दोन अर्धगोल शू बाहेर ढकलतात. शूंवर चिकटवलेले किंवा रिव्हेट मारलेले लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी मंदावते. मंदावते म्हणजे काय? गाडीची गती उष्णतेत बदलते. ब्रेक गाडीची शक्ती नाहीशी करत नाही, तिचे रूप पालटून ती ड्रममध्ये साठवतो आणि मग हळूहळू हवेत सोडतो. ब्रेकचे सगळे दुखणे या ‘हळूहळू’मध्ये आहे.

हवेचे ओझे

मोटार हलकी असेल तर पायाचा जोर पुरतो. भरलेल्या ट्रकला पुरत नाही. इथे मदतीला येते हवा, किंवा खरे सांगायचे तर हवेचा अभाव. ऑटो फॉन गेरिके याने १६५० च्या दशकात मागडेबर्गचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा उपसली आणि घोडे जुंपूनही ते विलग होईनात, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा असतो म्हणून जाणवत नाही, इतकेच.

१९२७ मध्ये बेल्जियन अभियंता आल्बेर दवांद्र याने याच दाबाला ब्रेकच्या कामाला लावले. एका बंद डब्यात मधोमध पडदा. पायडल सोडलेले असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा उपसलेली. पायडल दाबले की एक झडप उघडते, एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला ढकलते. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरते. दोन बाजूंच्या दाबात ०.६५ किलोचा फरक असला तरी सव्वातीनशे किलोंच्या आसपास जोर मिळतो. चालकाने फक्त झडप उघडायची. यालाच मिस्त्री लोक बूस्टर म्हणतात.

ही निर्वात जागा येते कुठून? पेट्रोल इंजिनात फुकट मिळते. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाच्या नाकातली फडी मिटते, आत दट्टे हवा ओढत राहतात, आणि नळीत निर्वात तयार होते. डिझेल इंजिनाला अशी फडी नसते. त्याला हवा नेहमी मोकळी मिळते, वेग कमी-जास्त होतो तो डिझेलच्या धारेवर. म्हणून पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवले की बूस्टरचा प्राणच जातो. त्याला वेगळा निर्वात पंप द्यावा लागतो.

आमच्या फार्गोला तो दिला होता. इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंप मला दिसला. पण पंपावर पट्टा नव्हता, आणि पंपाकडून चॅसिसवरच्या बूस्टरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात एक बोल्ट आवळलेला होता. बूस्टर मुद्दाम बंद केलेला होता.

बोल्ट

हे मी नानाकाकाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ताई, तो बोल्ट मीच आवळला. पंप तेल ओकत होता. दुरुस्तीला पैसे नव्हते. दादा म्हणाला, सध्या बंद कर, गुळाचा हंगाम झाला की बघू. घाटात पाय गेला तेव्हापासून मला तेवढंच दिसतं. पाना आणि तो बोल्ट.’

म्हणजे एकावन्न वर्षे आण्णांवर बोट होते आणि काका मनातल्या मनात स्वतःवर बोट ठेवून होता. माझ्यापुढचा प्रश्न आता बदलला. बूस्टर बंद असल्याने पायडल तळाला जाते का?

उत्तर आहे, नाही. बूस्टर बंद पडला तरी पायाने ढकललेले ऑइल त्याच्यातून पार होऊन चाकांपर्यंत जातेच. फक्त जोर खूप लागतो. पायडल दगडासारखे कडक होते, मऊ होत नाही. तळाला जाणाऱ्या पायडलची कारणे वेगळी. एक, ऑइल गळून जाणे. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. पण ऑइल गळले असते तर दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात ब्रेक लागला नसता. दुसरे कारण उष्णतेचे.

हिशेब करून बघू. गाडी आणि गूळ मिळून आठ टन धरा, उतार २५० मीटर उंचीचा धरा. खाली येताना सुटणारी ऊर्जा सुमारे १ कोटी ९६ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत तीस अंशांचे ६५ लिटर पाणी उकळीला येईल. चार ड्रमचे मिळून १२० किलो बीड धरले आणि सगळी उष्णता त्यातच राहिली असे मानले, तर त्याचे तापमान साडेतीनशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता वाऱ्यावर जाते आणि काही भार इंजिन घेते, पण त्यासाठी गाडी खालच्या गिअरमध्ये हवी. मी काकाला विचारले. तो म्हणाला, ‘न्यूट्रल. उतारावर सगळेच न्यूट्रल सोडायचे. तेवढंच डिझेल वाचायचं.’

आता साखळी जुळते. न्यूट्रलमुळे इंजिनाची अडवणूक शून्य, सगळा भार ब्रेकवर. बूस्टर नसल्याने आण्णांना ब्रेक जोरात दाबून सोडता येत नव्हता. ते सारखा पाय ठेवून होते, म्हणजे ड्रमला थंड व्हायला उसंत नाही. तापलेला ड्रम फुगतो आणि शूंपासून दूर जातो. लायनरची पकड कमी होते. शेवटी उष्णता चाकाच्या सिलिंडरापर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. आजच्या डॉट-३ प्रतीचे कोरे ऑइल २०५ अंशांना उकळते, पण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश एवढीच उरते, आणि त्या काळातली अनेक ऑइले आजच्यापेक्षा कमी तापमानाला उकळत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पायडल दाबले की बुडबुडे दबतात आणि पाय तळाला जातो. चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही.

आणि रात्रभर गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते. सकाळी पायडल पहिल्यासारखे.

ड्रम उघडले तेव्हा आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग आणि केसासारख्या भेगा होत्या. लायनर काचेसारखे चकचकीत झाले होते. खूप तापलेल्या ब्रेकची ही खूण कुठलाही जाणता मिस्त्री ओळखेल. चाकांच्या सिलिंडरांत गंजाचे खड्डेही होते, पण पन्नास वर्षे उभ्या गाडीत ते नंतरही पडू शकतात, म्हणून त्यावर मी भिस्त ठेवली नाही. तेव्हा आण्णा खोटे बोलत नव्हते आणि पंचनामाही खोटा नव्हता. दोघांनी वेगवेगळ्या तापमानाला एकच ब्रेक पाहिला होता.

आण्णा निर्दोष ठरतात का? तसे मी म्हणणार नाही. न्यूट्रल त्यांनी टाकला. पंपाची दुरुस्ती त्यांनी पुढे ढकलली. पण तळाला गेलेला पाय त्यांच्या कल्पनेतला नव्हता. ज्याला ‘निष्काळजी’ हा एकच शब्द लावला गेला, त्यात डिझेलचा भाव, गुळाचा हंगाम आणि न कळलेले थोडे पदार्थविज्ञान एवढे सगळे होते.

नवे काय बसवायचे?

गाडी भंगारात द्यायची नाही हे ठरले. माझ्या भाच्याला ती चालवायची होती, आणि मला ती त्याच ब्रेकवर चालू द्यायची नव्हती. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचे म्हणणे, मूळ ते मूळ राहू द्या. मला ते पटते, पण रस्त्यावरच्या समोरच्या माणसाने मूळ ब्रेकचा करार केलेला नसतो. काढलेला प्रत्येक भाग पेटीत जपून ठेवायचा, चॅसिसला नवे भोक पाडायचे नाही, या अटीवर आम्ही काम सुरू केले.

पर्याय चार होते. पूर्ण एअर ब्रेक लावले तर कॉम्प्रेसर, टाक्या, चाकांवरची यंत्रणा, सगळेच बदलावे लागते. मूळ गाडी उरत नाही. हवेच्या दाबाने ऑइल ढकलण्याची मिश्र पद्धतही कॉम्प्रेसर मागते. डिस्क ब्रेक उष्णता झटकन सोडतात. १९५३ मध्ये जॅग्वारने ल माँची शर्यत त्यांच्याच बळावर जिंकली. पण एवढ्या जुन्या ट्रकच्या धुऱ्याला जुळणारी डिस्क बनवून घेणे म्हणजे लेथवाल्याच्या अंदाजावर जीव टांगणे. चौथा पर्याय साधा होता. ड्रम तेच ठेवायचे, आणि पायापासून ड्रमपर्यंतची यंत्रणा आजच्या पद्धतीची करायची. आम्ही तो घेतला.

आताच्या एका हलक्या मालगाडीचा बूस्टर आणि त्याला जोडलेला दुहेरी मास्टर सिलिंडर आणला. दुहेरी म्हणजे एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्टे, पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी उरते. अमेरिकेत १९६७-६८ पासून मोटारींना हे सर्रास आले. निर्वातासाठी जुना डायनामो काढून पाठीवर पंप असलेला अल्टरनेटर बसवला, जो डिझेल मोटारींत सर्रास मिळतो. मध्ये एकदिशा झडप आणि निर्वाताची छोटी टाकी, म्हणजे इंजिन बंद पडले तरी दोन-तीनदा ब्रेकला साथ मिळावी. नळ्या, रबरे, लायनर सगळे नवे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हे मिस्त्रींना मी तीनदा सांगितले. चौथ्यांदा त्यांनी मलाच बाहेर बसवले.

पहिली चूक माझ्या नजरेतून निसटता निसटता राहिली. नव्या मास्टर सिलिंडरचा व्यास ३४.९ मिलिमीटर होता, जुन्याचा २८.६. मोठा म्हणजे चांगला, असे वाटते. पण जोर तेवढाच असताना क्षेत्रफळ दीडपट झाले की दाब एक तृतीयांशाने घटतो. बूस्टर चालू असेल तर कळतही नाही. बूस्टर ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी कळते. मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, बूस्टर आहे की!’ मी म्हटले, ‘आमच्याकडे एकदा नव्हता.’ आम्ही सिलिंडर बदलला. बूस्टरच्या ब्रेकचा हिशेब नेहमी तो मेलेला धरून करावा, हे या सगळ्या प्रकरणातले मला सापडलेले सूत्र.

दुसरी चूक झालीच. पहिल्या फेरीत तीन किलोमीटर गेल्यावर गाडी आपोआप जड होऊ लागली, चाके तापली. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला दांडा जरा लांब पडला होता. पाय सोडल्यावरही तो दट्ट्याला किंचित दाबून ठेवत होता. त्यामुळे ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहत होते. तापलेले ऑइल फुगले, परतीची वाट बंद, म्हणून शू स्वतःच ड्रमला चिकटले. दांडा मिलिमीटरभर आखूड करताच दोष गेला. घाटात हाच मिलिमीटर केवढ्याला पडला असता, याचा विचार मी रात्रभर करत बसले.

कसोटी

मग मोकळ्या मैदानात रिकामी गाडी, नंतर वाळूची पोती भरून, नंतर गावाजवळचा छोटा उतार, दुसऱ्या गिअरमध्ये. प्रत्येक वेळी चारही ड्रमजवळ हात धरून उष्णता सारखी आहे का ते बघितले. आता दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे, असे भाच्याने दरवाजाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवले आहे.

बूस्टर चालतो की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे, कुठल्याही मोटारीत करून बघता येईल. इंजिन बंद असताना पायडल चार-पाच वेळा दाबायचे. साठलेला निर्वात संपतो आणि पायडल कडक होते. मग ते दाबून धरायचे आणि इंजिन चालू करायचे. बूस्टर ठीक असेल तर पायडल पायाखाली किंचित खाली सरकते.

ही कसोटी घेताना मी नानाकाकाला ड्रायव्हरच्या जागेवर बसवले. सत्तर वर्षांचा माणूस, डावा पाय जयपूर फूटचा, उजवा पाय पायडलवर. कडक झाले, म्हणाला. मी चावी फिरवायला सांगितली. पी-६ खोकत खोकत चालू झाले आणि त्याने पाय झटकन उचलला.

‘खाली गेला ताई! पाय खाली गेला!’

मी म्हटले, ‘काका, एवढाच जायला हवा. पुन्हा दाबून बघा, पुढे जातो का?’

त्याने दाबले. पायडल तिथेच अडले. त्याने पाय उचलला नाही. इंजिन चालू ठेवून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बराच वेळ तसाच दाबून बसला. बोल्ट मी पेटीत ठेवला होता, जुन्या बूस्टरसोबत. तो मागेल असे मला वाटले होते. त्याने मागितला नाही.